जागच्या जागी फिरणारे चाक

आमच्या पाचूबंदरात चाकाला पूर्वीपासून फारसा मान नाही. एका अंगाला वसईचा किल्ला, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे दाटीवाटीने बसलेली घरे. येथे मान आहे तो होडीला. चाकाचे काम एवढेच, की होडीने आणलेली मासळी बाजारापर्यंत पोचवायची. अशा या गावात, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, आमच्या घरी लागोपाठ तीन रात्री खल चालला तो एका चाकाचा. आणि तेही कसले? तर कितीही फिरवले तरी जागचे हलत नाही असल्या चाकाचे!

हकीकत अशी. माझी पुतणी एकोणीस वर्षांची. तिला सायकलीचे वेड. सकाळी घराघरांत चूल पेटायच्या आधी ती बाहेर पडायची आणि पापडी, गिरीज, निर्मळ, आगाशी असे करीत अर्नाळ्याचा समुद्र पाहून परत यायची. गेल्या वर्षी जुलैत रस्त्यावर पाणी साचले होते. पाण्याखाली खड्डा होता. पाणी दिसले, खड्डा दिसला नाही. मनगट मोडून पोर सहा आठवडे घरी बसली. प्लॅस्टर निघाले त्या दिवशी वहिनींनी निकाल दिला, "पावसात आता रस्त्यावर सायकल नाही. मोडलं ते मनगट होतं म्हणून निभावलं."

आणि पावसाळा म्हणजे आमच्याकडे चार महिने. तेवढे दिवस घरी बसलेला सायकलपटू म्हणजे शाकारून ठेवलेली होडी. तेव्हा पुतणीने हळूच विषय काढला, की सायकल घरातच उभी करून चालवता येईल असे एक यंत्र मिळते, त्याला 'स्मार्ट ट्रेनर' म्हणतात, आणि तेवढे मिळाले तर ती रस्त्याचे नाव काढणार नाही. थोरल्या बंधूंनी फक्त किंमत विचारली. ती ऐकून ते उठून ओटीवर गेले. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत कोळ्याच्या घरी पैसा येत नाही, नुसता जातो. जाळ्याची दुरुस्ती, इंजिनाची दुरुस्ती, डागडुजी आणि रंग हे सारे त्याच दिवसांत उरकायचे असते. मुलीच्या चाकाला द्यायचे म्हणजे जाळ्यातून काढायचे, असा हा सरळ हिशेब होता.

"भावोजी, तुम्ही शिकलेले. तुम्हीच बघा काय ते," असे म्हणून वहिनींनी तो भार माझ्यावर टाकला. मी शाळेत इतिहास शिकवतो. यंत्र निवडायचे म्हटल्यावर शहाणा माणूस दुकानात जातो. मी पुस्तकांच्या कपाटाकडे गेलो. वाचकांना हे हास्यास्पद वाटेल, पण पुढे जे घडले त्यावरून मला वाटते की मी फार चुकलो नाही.

प्रथम माझ्या ध्यानात आले ते हे, की असले चाक वसईला नवे नाही. वसईच्या बागायतीत, केळी आणि पानवेलीच्या वाड्यांत, पंप येण्यापूर्वी विहिरीविहिरीवर रहाट होते. रेडा गोल फिरायचा, चाक जागच्या जागी फिरायचे, आणि गाडग्यांच्या माळेतून पाणी वर यायचे. रहाटगाडगे हा शब्द आपण संसाराला लावतो तो त्यावरूनच. याहून जवळचा नातेवाईक म्हणजे पायरहाट. पाणी वरच असेल तेथे जनावर कशाला? माणूसच बसून पायांनी चाक रेटी. पाय चालताहेत, चाक फिरते आहे, माणूस मात्र तेथेच. पुतणीला हवे असलेले यंत्र ते हेच, असे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पण काका, त्याच्यानं पाणी तरी मिळत होतं."

प्रश्न बिनतोड होता. नुसताच घाम गाळण्यासाठी चाक फिरवावे ही कल्पना कोणाच्या डोक्यात प्रथम आली? लंडनमध्ये १७९६ साली फ्रान्सिस लाउंड्स नावाच्या गृहस्थाने 'जिम्नॅस्टिकॉन' या यंत्राचे पेटंट घेतले. हातापायांनी चाके फिरवून आजारी सांधे मोकळे करावेत हा त्याचा हेतू होता. म्हणजे आरंभ औषधाने झाला. परंतु मनुष्याची बुद्धी मोठी विचित्र. पुढे १८१८ मध्ये विल्यम क्यूबिट या इंग्रज इंजिनिअरने कैद्यांसाठी पायचक्की योजली. फिरत्या पिंपाच्या पायऱ्या कैद्याने तासन्‌तास चढायच्या, आणि वर काही यायचे नाही! कित्येक तुरुंगांत त्या चक्क्यांनी काही दळलेही जात नसे. श्रम व्यर्थ आहेत हीच शिक्षा होती. आज लोक पैसे मोजून जे करतात ते एके काळी गुन्हेगारांकडून सक्तीने करवून घेत. औषध आणि शिक्षा यांत फरक एवढाच, की औषध माणूस आपल्या इच्छेने घेतो आणि किती घेतले हे मोजतो. हा दुसरा शब्द, 'मोजतो', वाचकांनी ध्यानात ठेवावा. आमची सारी गोष्ट पुढे त्याच्यावरच फिरणार आहे.

सायकलीचा स्वतःचा इतिहास सर्वांना थोडाफार ठाऊक असतो. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांची, पायांनी जमीन रेटीत न्यायची गाडी केली; १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये तिला पायटे आले; १८८५ मध्ये स्टार्ली याची साखळीची 'रोव्हर' निघाली; १८८८ मध्ये डनलॉपने हवेची धाव दिली, आणि आपण आज ओळखतो ती सायकल उभी राहिली. या सायकलीने माणसाला काय दिले ते पाहायचे तर लांब जायला नको. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. आपल्याच काळात नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत पार केली. अशा वाहनाला घरात खिळवून ठेवायचे म्हणजे गरुडाला पिंजऱ्यात घालण्यासारखे, असे कोणी म्हणेल. पण थंड देशांतल्या सायकलपटूंना हा पिंजरा एकोणिसाव्या शतकातच घ्यावा लागला. त्यांच्याकडे बर्फ, आमच्याकडे पाऊस. त्यांनी लाटण्यासारख्या रुळांवर सायकल चालवायला आरंभ केला. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरच्या व्यायामशाळेतही उभ्या सायकली होत्या. समुद्राच्या मधोमध, जहाज चालू आणि सायकल स्थिर! माझ्या बंधूंना ही गोष्ट फार आवडली. ते म्हणाले, "म्हणजे होडीतपण ठेवता येईल."

खरे वळण लागले ते मात्र व्यायामशाळेत नव्हे, प्रयोगशाळेत. माणूस किती काम करतो हे शास्त्रज्ञांना मोजायचे होते. चालत्या माणसाच्या मागे उपकरणे घेऊन धावता येत नाही. म्हणून माणूस एका जागी ठेवून त्याला काम करायला लावायचे. १८९६ मध्ये फ्रान्समध्ये बूनी याने मोजमापाची सायकल केली. १९१३ मध्ये कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग याने विद्युत्‌चुंबकाने रोध करणारी सायकल बनवली. याच क्रोगला पुढे १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५४ मध्ये स्वीडनच्या फॉन डबेल्न याने पट्ट्याच्या घर्षणावर चालणारी अगदी साधी सायकल पुढे आणली, आणि हे मोजमाप इस्पितळांत व शाळांत पोचले.

क्रोगची युक्ती समजून घेण्यासारखी आहे, कारण आजच्या चांगल्या यंत्राच्या पोटात बहुधा तीच असते. धातूची तबकडी चुंबकाजवळून फिरू लागली, की तिच्यात विजेचे भोवरे उत्पन्न होतात आणि ते तबकडीला मागे ओढतात. हे भोवरे फुकोने १८५५ मध्ये दाखवले. चुंबक तबकडीला शिवतसुद्धा नाही, म्हणून काही झिजत नाही. घरात ही गोष्ट सांगताना मी होडीचा दाखला दिला. चालत्या होडीतून वल्हे पाण्यात उभे धरावे. होडी हळू असेल तर हाताला थोडाच जोर लागतो, वेगात असेल तर वल्हे हातातून सुटू पाहते. ही ओढ चुंबकाची. आता वल्हे किती खोल धरायचे हे एखादा अदृश्य हात ठरवू लागला, तर झाला तुमचा स्मार्ट ट्रेनर. चढ आला की हात वल्हे खोल घालतो, उतार आला की वर उचलतो.

तो अदृश्य हात संगणकाचा. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटलच्या रेसरमेट कंपनीने 'कॉम्प्युट्रेनर' काढला. तो दूरदर्शन संचावरच्या खेळाशी जोडता येई. त्याच सुमारास जर्मनीत उलरिख शोबेरर याने सायकलीच्या पायट्यांच्या दांड्यांतच वॉट मोजणारे साधन बसवले. २०१२ मध्ये वाहू कंपनीचा 'किकर' आला. त्यात मागचे चाक काढून सायकल थेट यंत्रावर चढवायची आणि बिनतारी संदेशाने ती चालवायची सोय होती. २०१४ मध्ये 'झ्विफ्ट' हे कल्पित रस्त्यांचे जग उभे राहिले. मग २०२० ची महासाथ आली. सारे जग घरात कोंडले गेले, आणि त्या जुलैत टूर द फ्रान्सही घरोघरच्या यंत्रांवर खेळली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात आंतरराष्ट्रीय सायकल संघाने या घरबसल्या शर्यतीचे पहिले जागतिक अजिंक्यपदही भरवले. शिक्षेची चक्की जगज्जेतेपदापर्यंत पोचली!

इतका इतिहास जमवून मी काय केले? कबूल करतो: सर्वांत स्वस्त यंत्र घेतले. सायकलीचे मागचे चाक एका रुळावर टेकवायचे, एवढीच त्याची रचना. खोक्यावर 'स्मार्ट' असे ठळक लिहिले होते. पुतणी हरखली. दोन महिन्यांत पडद्यावर २४० वॉटचा आकडा दिसू लागला. ऑक्टोबरात पाऊस सरला तेव्हा ती मैत्रिणींबरोबर बोर घाट चढायला गेली. मुंबई-पुणे सायकल शर्यतीमुळे 'घाटाचा राजा' हा शब्द सायकलपटूंच्या तोंडी बसलेला आहे. वसईच्या सपाट रस्त्यांवर वाढलेल्या मुलीला त्या घाटाचे आकर्षण वाटले तर नवल नाही.

संध्याकाळी ती परतली आणि कोणाशी न बोलता आत जाऊन बसली. मैत्रिणी पुढे निघून गेल्या होत्या. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत तिला ४६ मिनिटे लागली होती. "काका, माझ्यात ताकदच नाही. घरी नुसतं खेळत होते मी." असे म्हणून ती रडली.

रात्री मी कागद घेऊन बसलो. घाट सुमारे ५०० मीटर उंच चढतो. मुलगी आणि सायकल मिळून ६५ किलो. एवढे वजन एवढ्या उंचीवर न्यायला सुमारे ३ लाख २० हजार ज्यूल लागतात; वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. ४६ मिनिटांचे सेकंद २७६०. भागाकार ११६ आला. रस्त्याचे आणि वाऱ्याचे वीसेक वॉट धरले तर फार तर १३६. ती खरोखर २४० वॉट लावीत असती तर पंचवीस मिनिटांत वर पोचली असती! मुलगी कमी पडली नव्हती. यंत्र खोटे बोलत होते. ते बळ मोजतच नव्हते. रूळ किती फिरला एवढेच पाहून आकडा अंदाजाने ठोकून देत होते. चाकात हवा कमीजास्त झाली, रूळ सैल वा घट्ट झाला, की आकडा फिरायचा.

हे मी सकाळी सर्वांना समजावून सांगितले. बंधू गप्प बसले. पैसे गेले होते. पण वहिनी, ज्यांनी तीस वर्षे बाजारात मासळी विकली आणि तराजूवर बोट ठेवणारी गिऱ्हाइके पाहिली, त्या म्हणाल्या, "भावोजी, एवढं सांगा, खरं माप देणारं मिळतं का? महाग-स्वस्त मागाहून बघू. पण मापात पाप नको. खोट्या मापानं पोरगी स्वतःलाच खोटी समजायला लागली." माझ्या सगळ्या इतिहासाचे सार त्या एका वाक्यात आले होते. क्रोगने जे साधले ते खरे माप, आणि पायचक्कीत जे नव्हते तेही तेच.

मग दुसरी निवड केली ती अशी. प्रथम, बळ प्रत्यक्ष मोजणारे वा खात्रीशीर गणिताने काढणारे यंत्र, आणि चूक शेकडा किती हे त्यावर स्पष्ट लिहिलेले. दोन-तीन टक्क्यांपर्यंतची चूक आपल्याला चालते. दुसरे, रोध त्याने आपण होऊन बदलला पाहिजे. नुसता वेग कळवणाऱ्या यंत्रालाही विक्रेते स्मार्ट म्हणतात. तिसरे, आतले जड चाक. खऱ्या रस्त्यावर सायकल आपल्या वेगाने पुढे सरकत राहते; हे चाक हलके असेल तर प्रत्येक पायट्यागणिक चिखलात रुतल्यासारखे वाटते. चौथे, भाषा. ब्लूटूथवाल्यांनी २०१७ मध्ये व्यायामयंत्रांसाठी एक सर्वसामान्य बोली ठरवली, तिला एफटीएमएस म्हणतात. तशीच 'अँट प्लस' ही दुसरी. ज्याला केवळ स्वतःच्या कंपनीची बोली येते ते यंत्र, कंपनी बसली की लोखंडाचा ठोकळा होते. कॉम्प्युट्रेनरसारख्या नामांकित यंत्राचे उत्पादनही २०१७ मध्ये थांबले, हे विसरता कामा नये.

चाक न काढता रुळावर टेकवायची यंत्रे स्वस्त असतात, पण त्यांत मागची धाव झिजते, आवाज होतो, आणि मोठ्या चढावर रूळ घसरतो. आमच्या गावात भिंतीला भिंत. पहाटे समुद्रावरून आलेला शेजारी झोपलेला असतो. म्हणून चाक काढून बसवायच्या यंत्राकडे आम्ही वळलो. सुदैवाने ही यंत्रे आता उतरली आहेत. २०२२ मध्ये झ्विफ्टने ४९९ डॉलरला आणि २०२४ मध्ये जेटब्लॅकने ३९९ डॉलरला असे यंत्र बाजारात आणले, आणि बाकीच्यांनाही भाव खाली आणावे लागले. आपल्याकडे येईतो वाहतूक आणि जकात यांची भर पडते ती वेगळी.

आमची मर्यादा बत्तीस हजारांची. तेवढ्यात नवे बसेना. शेवटी पुण्याच्या एका सायकलपटूने दोन वर्षे वापरलेले यंत्र एकतीस हजारांत मिळाले. आम्ही काकापुतणी सायकल घेऊनच गेलो. ती बसवून चालवली. पट्टा कुरकुरतो का, वेग सोडल्यावर चाक सरळ आणि शांत थांबते का, फोनला ते ओळखते का, हे पाहिले. मागची दातेरी चक्रे सायकलीच्या गिअरांना जुळतात का, आस बसतो का, हेही पाहावे लागते. ती चक्रे पुष्कळदा वेगळी विकत घ्यावी लागतात आणि मग स्वस्त सौदा महाग होतो. कल्पित रस्त्यांसाठी दरमहा वर्गणी भरायचीच असे नाही. अबूधाबीच्या 'मायवूश' वर फुकट चालवता येते, आणि २०२४ चे जागतिक अजिंक्यपद त्याच्यावरच झाले.

एक खर्च मात्र मी आनंदाने केला, तो म्हणजे पंख्याचा. माणसाचे शरीर जे जाळते त्यातले जेमतेम पाव पायट्यापर्यंत पोचते. बाकीची उष्णता होते. १५० वॉटचे काम करणारी मुलगी साडेचारशे वॉटची शेगडी होऊन बसते. रस्त्यावर वारा ती उष्णता नेतो. बंद खोलीत, तेही वसईच्या दमट पावसाळ्यात, कोण नेणार? शिवाय येथली हवा खारी आणि घामही खारा. म्हणून यंत्राखाली जाड सतरंजी, वर जुने धोतर, आणि रोज कोरड्या फडक्याने पुसणे. हे पुसण्याचे काम बंधूंनी आपण होऊन घेतले. लोखंडाला समुद्र कसा खातो हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक?

या वर्षीचा पावसाळा असा गेला. बाहेर होड्या काठावर ओढलेल्या, पडवीत पाऊस लागू नये म्हणून ताडपत्री बांधलेली, आणि आत चाक फिरते आहे. वीज गेली की यंत्राचा रोध नाहीसा होई आणि पाय एकदम हलके पडत, तेवढी विश्रांती. पहिल्या दिवशी आकडा १३४ आला. पुतणीचे तोंड उतरले, पण मी घाटाचा जुना कागद तिच्यापुढे धरला. १३६ आणि १३४! "हे खरं बोलतंय," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती खालच्या आकड्याला भ्याली नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला तेव्हा ती १५० वर होती. सप्टेंबरच्या अखेरीस १५५ वर.

पाऊस ओसरल्यावर ती पुन्हा घाटात गेली. या वेळी बंधूही गेले, एका ओळखीच्या टेम्पोतून. मी घरी कागद घेऊन बसलो होतो. १५५ वॉटला सुमारे चाळीस मिनिटे लागावीत असे माझे गणित होते. दुपारी फोन आला. ३९ मिनिटे.

"कसा वाटला घाट?" मी विचारले.

"घरच्यापेक्षा सोपा, काका," ती धापा टाकीत हसली. "इथं वारा होता."

मागून बंधूंचा आवाज आला. ते कोणाला तरी सांगत होते, की यंत्र स्वस्तात मिळाले, पण माप खरे आहे.